धोकादायक क्षेत्रात गॅस डिटेक्टर बसवायचाय? झाकण उघडण्याआधीची तयारी

प्लांटमध्ये गॅस डिटेक्टर बसवायला मला पहिल्यांदा पाठवलं, तेव्हा मी मनात सोपा हिशोब केला होता. ब्रॅकेट लावायचा, केबल ओढायची, तारा जोडायच्या, तीन दिवसांत काम संपेल. पहिल्याच दुपारी काम थांबलं. डिटेक्टरच्या केबल-एंट्रीचे आटे एका मापाचे होते आणि सोबत आलेले ग्लँड, म्हणजे केबल पेटीत घट्ट पकडणारे जोड, दुसऱ्याच मापाचे. कामाच्या परवानगीचं परमिट हातात, गॅस टेस्ट झालेली, दोन माणसं मचाणावर, आणि ग्लँड बसत नाही. कोणीतरी सुचवलं की टेफ्लॉन टेप गुंडाळून दोन-तीन आट्यांवर बसतो का बघू. बसलाही असता. पण ते फ्लेमप्रूफ एन्क्लोजर होतं. त्याच्या आत स्फोट झालाच, तर ज्वाळा बाहेर येऊ नये म्हणून आटे पुरेसे आणि नेमक्या मापाचे लागतात. आम्ही खाली उतरलो आणि परमिट बंद केलं.

मला तेव्हा उमगलं की वर्कशॉपमध्ये टेबलावर बसून जे तपासायचं राहून जातं, ते धोकादायक क्षेत्रात मचाणावर उभं राहून निस्तरावं लागतं. आणि तिथे वेळ कमी असतो, पर्याय कमी असतात, मोह जास्त असतो. म्हणून या लेखात प्रत्यक्ष बसवण्यापेक्षा त्याआधीच्या दिवसांवर भर दिला आहे. नव्याने या कामात येणारे टेक्निशियन, इलेक्ट्रिशियन आणि कॉन्ट्रॅक्टरचे सुपरवायझर डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

एक विनंती सुरुवातीलाच करतो. लेख वाचून धोकादायक क्षेत्रात काम करण्याची पात्रता येत नाही. ती प्रशिक्षणाने आणि जाणकार माणसाच्या हाताखाली काम करूनच येते. तुमच्या ठिकाणचा कायदा, प्लांटचे नियम आणि उत्पादकाचं मॅन्युअल यांच्याशी इथलं काही जुळलं नाही, तर त्यांचंच ऐका.

१. कोणता गॅस, ते आधी पक्कं करा

‘गॅस डिटेक्टर बसवायचा आहे’ एवढ्या माहितीवर काम हातात घेऊ नका. कोणता गॅस, कुठून गळू शकतो, आणि आपल्याला भीती कशाची आहे, आगीची की विषबाधेची? हे तीन प्रश्न लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

ज्वलनशील गॅस मोजताना एलईएल हा शब्द सारखा येईल. हवेत गॅसचं प्रमाण किमान किती झालं की ठिणगीने पेट घेईल, ती ही खालची मर्यादा. हायड्रोजनसाठी ती ४ टक्के आहे. डिटेक्टर या मर्यादेचे शंभर भाग करून वाचन दाखवतो. ‘२० टक्के एलईएल’ म्हणजे हवेत २० टक्के गॅस नव्हे, पेट घेण्याच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा. नवख्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो.

याहून आतला एक घोळ मी अनुभवी लोकांकडूनही झालेला पाहिला आहे. मिथेनची एलईएल काही मानकांत ५ टक्के धरतात, तर आयईसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या, मानकांत ४.४ टक्के. तुमच्या कॅलिब्रेशन सिलिंडरमध्ये, म्हणजे डिटेक्टरचं वाचन जुळवायला वापरतात त्या गॅसमध्ये, २.५ टक्के मिथेन असेल, तर पहिल्या हिशोबाने ते ५० टक्के एलईएल झालं आणि दुसऱ्या हिशोबाने जवळपास ५७ टक्के. डिटेक्टर एका आकड्यावर आणि सिलिंडरचं लेबल दुसऱ्या आकड्यावर असेल, तर प्रत्येक वाचन पहिल्या दिवसापासून चुकीचं येणार. प्लांट कोणता आकडा मानतो ते विचारा आणि सगळीकडे तोच ठेवा.

विषारी गॅसचं मोजमाप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं होतं. तिथे एलईएलचा उपयोग नाही, कारण माणसाला अपाय होतो ते प्रमाण पेट घेण्याच्या प्रमाणाच्या कितीतरी खाली असतं. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण साधारण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची तो ओळखण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं समजून आत जाणाऱ्या माणसाला वाचवायला डिटेक्टरच लागतो.

२. झोन ड्रॉइंग मागून घ्या आणि स्वतः वाचा

प्रत्येक प्लांटकडे धोकादायक क्षेत्रांची विभागणी दाखवणारं ड्रॉइंग असायला हवं. आयईसी पद्धतीत गॅससाठी तीन झोन आहेत. स्फोटक मिश्रण सतत, दीर्घकाळ किंवा वारंवार असतं तो झोन ०. नेहमीच्या कामकाजात ते अधूनमधून तयार होण्याची शक्यता असते तो झोन १. नेहमीच्या कामकाजात सहसा तयार होत नाही, झालंच तर थोडाच वेळ टिकतं, तो झोन २. उत्तर अमेरिकेत क्लास आणि डिव्हिजन अशी वेगळी पद्धतही चालते. दोन्ही पद्धतींची भेसळ करू नका.

ड्रॉइंगवर झोनसोबत गॅस ग्रुप आणि टेंपरेचर क्लासही लिहिलेला असतो. ग्रुप आयआयए, आयआयबी आणि आयआयसी असे चढत्या धोक्याने जातात. प्रोपेन पहिल्यात, इथिलीन दुसऱ्यात, हायड्रोजन आणि अॅसिटिलिन तिसऱ्यात. टेंपरेचर क्लास म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल याची हमी: टी१ ला ४५०, टी२ ला ३००, टी३ ला २००, टी४ ला १३५, टी५ ला १०० आणि टी६ ला ८५ अंश सेल्सिअस. हा आकडा तिथल्या गॅसच्या आपोआप पेट घेण्याच्या तापमानाखाली असायला हवा.

ड्रॉइंगवरची तारीख बघा. त्यानंतर नवीन पंप, नवीन व्हेंट किंवा नवीन भिंत उभी राहिली असेल, तर झोनची हद्द बदललेली असू शकते. शंका आली तर बसवण्याचं काम थांबवून विचारा. हद्द ठरवणं आपलं काम नाही, पण ड्रॉइंग जुनं झालंय हे सांगणं आपलं काम आहे.

३. नेमप्लेट अक्षर न अक्षर वाचा

समजा डिटेक्टरवर ‘ईएक्स डीबी आयआयसी टी६ जीबी’ असा शिक्का आहे. ‘डीबी’ म्हणजे फ्लेमप्रूफ. आत स्फोट झाला तरी तो आतच राहील अशी पेटी. ‘आयआयसी’ हा ग्रुप, ‘टी६’ हा टेंपरेचर क्लास. शेवटचं ‘जीबी’ म्हणजे संरक्षणाची पातळी. झोन ० साठी ‘जीए’ लागते, झोन १ मध्ये ‘जीए’ किंवा ‘जीबी’ चालते, झोन २ मध्ये ‘जीए’, ‘जीबी’ किंवा ‘जीसी’ कोणतीही. ‘आयए’ किंवा ‘आयबी’ दिसलं तर ते इंट्रिन्सिक सेफ उपकरण. त्यात ऊर्जा इतकी कमी ठेवलेली असते की ठिणगी पडली तरी गॅस पेटत नाही.

आता दोन बारीक गोष्टी. प्लेटवर वेगळं तापमान लिहिलेलं नसेल, तर उपकरण उणे २० ते अधिक ४० अंश सेल्सिअस एवढ्याच वातावरणासाठी प्रमाणित आहे. गरम पाइपलाइनच्या शेजारी किंवा उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली ४० अंश सहज ओलांडले जातात. दुसरी गोष्ट, सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर त्याला खास अटी आहेत आणि त्या सर्टिफिकेटच्या आतल्या पानांवर लिहिलेल्या असतात. ‘यू’ असेल तर तो नुसता घटक आहे, जसाच्या तसा स्वतंत्र बसवता येत नाही. ‘एक्स’च्या अटी न वाचता बसवलेला डिटेक्टर प्रमाणित धरता येत नाही, मग शिक्का कितीही मोठा असो.

हीच तपासणी जंक्शन बॉक्स, हूटर, फ्लॅशर, ग्लँड आणि ब्लँकिंग प्लग (न वापरलेली एंट्री बंद करणारे) या सगळ्यांची करा. डिटेक्टरवर सगळ्यांचं लक्ष असतं. जंक्शन बॉक्स मात्र स्टोअरमधून ‘तसाच एक’ उचलला जातो.

४. सेन्सर त्या कामाचा आहे का

निवड बहुतेक वेळा डिझाइन करणाऱ्याने केलेली असते. तरीही बसवणाऱ्याला सेन्सरचा स्वभाव माहीत हवा, कारण चूक पकडण्याची शेवटची संधी त्याच्याकडे असते.

कॅटॅलिटिक सेन्सरमध्ये एक तापलेला मणी गॅस जाळतो आणि वाढलेल्या तापमानावरून प्रमाण मोजतो. जाळण्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत किंवा वाहिनीत तो गॅस असूनही गप्प बसेल. गॅसचं प्रमाण खूप वाढून पेट घेण्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलं, तरी त्याचं वाचन खाली येऊ शकतं. आणि त्याचा मोठा शत्रू म्हणजे सिलिकॉन. सिलिकॉन सीलंट, सिलिकॉन ग्रीस, काही पॉलिश आणि स्प्रे यांची वाफ मण्यावर बसली की तो निकामी होतो. वाईट हे, की निकामी होताना तो सांगत नाही. तार तुटलेली नसते, शून्य बरोबर दिसतं, कंट्रोल रूममध्ये हिरवा दिवा असतो. गॅस देऊन पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

आमच्या एका कामावर हे घडलं. डिटेक्टर बसवून चालू केले आणि पुढच्या आठवड्यात शेजारी पत्र्यांचे सांधे सिलिकॉनने बुजवण्याचं काम निघालं. आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. नंतरच्या बंप टेस्टला, म्हणजे थोडा गॅस देऊन प्रतिसाद बघण्याच्या चाचणीला, तीन डिटेक्टरांनी गॅसला दादच दिली नाही. तेव्हापासून मी कामाआधी एक प्रश्न विचारतोच: पुढच्या महिनाभरात इथे रंगकाम, सीलिंग किंवा वेल्डिंग आहे का? असेल तर सेन्सर हेड शेवटी बसवतो किंवा उत्पादकाने दिलेली टोपी घालून ठेवतो आणि टोपीची नोंद रजिस्टरमध्ये करतो.

इन्फ्रारेड सेन्सरला ऑक्सिजन लागत नाही आणि सिलिकॉनची वाफ त्याला तशी मारत नाही. पण तो हायड्रोजन ओळखूच शकत नाही, कारण हायड्रोजनचा रेणू इन्फ्रारेड प्रकाश शोषत नाही. बॅटरी रूममध्ये हायड्रोजनसाठी इन्फ्रारेड डिटेक्टर आलेला दिसला, तर काम तिथेच थांबवा.

विषारी गॅस आणि ऑक्सिजनसाठी बहुधा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतात. ते नाशवंत माल आहेत. पेटीवरची तारीख बघा, साठवणुकीचं तापमान बघा आणि काम लांबलं तर ते तसेच पडून राहू देऊ नका. काही सेन्सरांच्या पायांवर शॉर्टिंग क्लिप असते, ती बसवतानाच काढायची. काहींना चालू केल्यावर स्थिरावायला बरेच तास लागतात. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देऊ शकतो, त्यामुळे आजूबाजूला दुसरा कोणता गॅस आहे हेही विचारा.

५. जागा कागदावर नको, पायी फिरून ठरवा

हवेपेक्षा हलका गॅस वर जातो आणि जड गॅस खाली बसतो, हा मूळ नियम. हवेच्या तुलनेत मिथेन साधारण ०.५५ पट, अमोनिया ०.६ पट, प्रोपेन दीड पट, ब्युटेन दुप्पट, क्लोरीन अडीच पट. म्हणून मिथेनचा डिटेक्टर गळतीच्या जागेच्या वर, छताजवळ, आणि प्रोपेनचा जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर. फार खाली लावला तर पाणी आणि धूळ त्याला संपवतात.

हा नियम डोळे मिटून लावू नका. द्रवरूपातून सुटलेला अमोनिया किंवा मिथेन थंडगार असतो आणि सुरुवातीला जमिनीवरून पसरतो. उलट, गरम गॅस जड असला तरी आधी वर चढतो. कार्बन मोनॉक्साइड हवेइतकाच आहे, त्यामुळे तो माणसाच्या नाकाच्या उंचीवर मोजतात.

प्रोसेस ओळखणाऱ्या ऑपरेटरला सोबत घ्या आणि पूर्ण फेरी मारा. पंपाचं सील, व्हॉल्व्हची ग्लँड, फ्लँज, सँपल पॉइंट, ड्रेन, गटार, खड्डे. वारा कुठून येतो आणि एक्झॉस्ट फॅन हवा कुठे ओढतो, हेही बघा. ताज्या हवेच्या झोतात लावलेला डिटेक्टर कधीच काही दाखवणार नाही. पाण्याचा होज, वाफेचा लीक आणि थरथरणारा पाइप टाळा. सेन्सरचं तोंड खाली असावं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: तिथे हात पोचतो का? दर काही महिन्यांनी कोणीतरी त्या डिटेक्टरला गॅस देणार आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी मचाण बांधावं लागत असेल, तर तो डिटेक्टर हळूहळू यादीतून गळतो. मी असे डिटेक्टर पाहिले आहेत, ज्यांचं कॅलिब्रेशन स्टिकर वाचता येत नाही इतकं जुनं झालंय. उंचीवर लावणं अटळ असेल, तर खालून गॅस देता येईल अशी नळी आणि खाली वेगळा डिस्प्ले यांची मागणी आत्ताच करा. नंतर ती मंजूर होत नाही.

६. केबल, व्होल्टेज आणि ग्लँड यांचा हिशोब घरी करा

इथे थोडं गणित आहे, पण ते टाळल्याने मी एकदा रात्रभर जागलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

समजा डिटेक्टरला किमान १८ व्होल्ट लागतात आणि तो ३०० मिलिअँपिअर करंट घेतो. पॅनलमधून २४ व्होल्ट येतात. म्हणजे केबलमध्ये ६ व्होल्ट पडले तरी चालतील. ६ ला ०.३ ने भागा, २० ओहम आले. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो, म्हणजे सुमारे १६६० मीटर तार. करंट जाऊन परत येतो, म्हणून अंतर त्याच्या निम्मं: ८३० मीटर. आता वीज जाते आणि पॅनल बॅटरीवर येतं. बॅटरी उतरताना २१ व्होल्ट उरले, तर पडायला फक्त ३ व्होल्ट मिळतात आणि अंतर ४१५ मीटरवर येतं. केबल ट्रे उन्हात ५० अंशांपर्यंत तापला तर तांब्याचा रोध आणखी १२ टक्के वाढतो आणि अंतर ३७० मीटरच्या आसपास राहतं. पॅनलसमोर उभं राहून ८०० मीटरचा विश्वास वाटत होता, आणि वीज गेल्यावर, म्हणजे डिटेक्टरची खरी गरज असते तेव्हा, तो ४०० मीटरवरही बंद पडतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या डिटेक्टरच्या डेटाशीटमधले आकडे घालून करंट सर्वात जास्त, व्होल्टेज सर्वात कमी आणि तापमान सर्वात जास्त धरून हिशोब करा.

ग्लँडच्या बाबतीत चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: आट्यांचा प्रकार आणि माप, केबलचा बाहेरचा व्यास, आर्मर (केबलवरचं धातूचं कवच) आहे की नाही, आणि संरक्षणाचा प्रकार. मेट्रिक आटे आणि एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे, आटे डोळ्यांनी सारखे वाटतात. एंट्रीवर किंवा मॅन्युअलमध्ये माप पाहा, एक ग्लँड वर्कशॉपमध्ये हाताने लावून बघा. फ्लेमप्रूफ जोडात किमान पाच पूर्ण आटे पकडले गेले पाहिजेत. अॅडॅप्टर लागलाच तर तोही प्रमाणित हवा.

नवीन डिटेक्टरच्या एंट्रीत रंगीत प्लॅस्टिकचे प्लग येतात. ते वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून असतात. न वापरलेल्या एंट्रीत ते राहिले तर फ्लेमप्रूफ पेटीला भोक ठेवल्यासारखं आहे. तिथे प्रमाणित धातूचा ब्लँकिंग प्लग लावायचा. प्लगची संख्या आधी मोजून मागवा.

७. इंट्रिन्सिक सेफ लूप असेल तर कागद आधी जुळवा

फ्लेमप्रूफ डिटेक्टर असेल तर हा टप्पा सोडून पुढे जा.

पॅनलपासून डिटेक्टरपर्यंतचं पूर्ण सर्किट म्हणजे लूप. इंट्रिन्सिक सेफ लूपमध्ये सुरक्षितता एकट्या डिटेक्टरची नसते. बॅरियर (धोकादायक क्षेत्रात जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारं उपकरण), केबल आणि डिटेक्टर मिळून ती बनते. बॅरियरमधून बाहेर पडू शकणारं जास्तीत जास्त व्होल्टेज, करंट आणि पॉवर हे डिटेक्टर सहन करू शकेल त्या मर्यादेत हवेत. तसंच डिटेक्टरची आणि केबलची कपॅसिटन्स मिळून बॅरियरला चालेल त्यापेक्षा कमी हवी. इंडक्टन्सचंही तेच.

एक उदाहरण घ्या. २८ व्होल्टच्या बॅरियरला आयआयसी ग्रुपसाठी ८३ नॅनोफॅरड चालतात. डिटेक्टरचे १० गेले, उरले ७३. केबलचा आकडा हाती नसेल तर मीटरला २०० पिकोफॅरड धरतात, म्हणजे ३६५ मीटर केबल. तोच लूप आयआयबी ग्रुपमध्ये असेल तर ६५० नॅनोफॅरड चालतात आणि अंतर ३ किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणून ‘मागच्या प्लांटमध्ये एवढ्याच लांबीवर चाललं होतं’ हा युक्तिवाद इथे करू नका. हा हिशोब कागदावर, सहीनिशी, लूपच्या फाइलमध्ये असावा.

बसवताना या केबल इतर केबलपासून वेगळ्या ठेवायच्या. त्यांना सहसा फिकट निळा रंग असतो. इतर टर्मिनलपासून ५० मिलिमीटर अंतर हवं. झेनर बॅरियर असेल तर त्याच्या अर्थिंगचा रोध १ ओहमखाली आहे का ते मोजा.

८. टेबलावर सगळं एकदा चालवून बघा

प्लांटमध्ये नेण्याआधी प्रत्येक डिटेक्टर वर्कशॉपमध्ये उघडा, वीज द्या, मॅन्युअलमध्ये दिलेला वॉर्म-अप होऊ द्या आणि गॅस देऊन पाहा. टॅग नंबर, रेंज, गॅसचा प्रकार, अलार्मच्या पातळ्या आणि फॉल्टचा करंट इथेच सेट करा. डिटेक्टर पॅनलला सिग्नल देतो त्यात ४ मिलिअँपिअरला शून्य आणि २० ला पूर्ण रेंज. पॅनलमध्येही तीच रेंज आहे ना? डिटेक्टर १०० टक्के एलईएलवर आणि पॅनल दुसऱ्याच रेंजवर सेट असण्याची चूक फार सामान्य आहे.

कॅलिब्रेशन गॅसचा सिलिंडर बघताना मुदत आणि मिश्रणातला बाकीचा गॅस कोणता (हवा की नायट्रोजन) हे दोन्ही वाचा. कॅटॅलिटिक सेन्सरसाठी मिश्रण हवेतलं हवं, नायट्रोजनमधलं नको. क्लोरीन किंवा हायड्रोजन सल्फाइडसारखा गॅस साध्या रबरी नळीत शोषला जातो, त्यासाठी टेफ्लॉनची आणि आखूड नळी घ्या.

फ्लेमप्रूफ पेटीचे फ्लँज आणि आटे इथेच नीट न्याहाळा. खरवडलेला फ्लँज कानशीने घासू नका, त्यावर रंग लावू नका, तो बाजूला ठेवा. ग्रीस उत्पादकाने सांगितलेलंच वापरा. सिलिकॉन ग्रीस कॅटॅलिटिक सेन्सरजवळ नको, कारण वर सांगितलंच आहे.

९. परमिटला कागदी सोपस्कार समजू नका

६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा तेलमंचावर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्या कामाचं परमिट वेगळं होतं आणि पंपाच्या कामाचं वेगळं. रात्रपाळीला पंप चालू करणाऱ्यांना व्हॉल्व्ह जागेवर नाही हे कळलंच नाही. माहिती कागदावर होती. तो कागद योग्य माणसापर्यंत पोचला नाही.

म्हणून परमिट भरताना स्वतः विचारा: याच जागेवर, याच लूपवर आज दुसरं कोणतं परमिट चालू आहे? माझ्या डिटेक्टरमुळे कोणती गोष्ट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, होते? जुना डिटेक्टर काढून नवा लावणार असाल, तर मधल्या वेळात तिथे पहारा कोण देणार? नवा डिटेक्टर जोडताना शटडाउन बसू नये म्हणून कंट्रोल रूममधून तो लूप इनहिबिट, म्हणजे तात्पुरता निष्प्रभ, करावा लागतो. कोणी केला, किती वाजता केला, हे परमिटवर लिहा.

ड्रिलिंग, ग्राइंडिंग आणि वेल्डिंग ही सगळी हॉट वर्क. शक्य तिथे ब्रॅकेट भोक पाडून न लावता क्लँपने पकडा, एक धोका आणि एक परमिट दोन्ही वाचतात.

गॅस टेस्टमध्ये ऑक्सिजन आधी, मग ज्वलनशील गॅस, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर एलईएलचं वाचन खोटं येऊ शकतं. सकाळी एकदा टेस्ट केली म्हणजे दिवसभराचं झालं, असं नाही. काम चालू असेपर्यंत पोर्टेबल डिटेक्टर शेजारी चालू राहिला पाहिजे. तो वाजला की हातातलं तिथेच ठेवून बाहेर.

१०. सोबत काय काय हवं

कागदपत्रं:
- झोन ड्रॉइंग आणि डिटेक्टरच्या जागांचं ड्रॉइंग
- प्रत्येक उपकरणाचं सर्टिफिकेट, खास अटींच्या पानांसह
- उत्पादकाचं मॅन्युअल, त्याच मॉडेलचं
- लूप ड्रॉइंग, केबल शेड्यूल, व्होल्टेजचा किंवा इंट्रिन्सिक सेफ लूपचा हिशोब
- कोणता अलार्म आला की काय बंद होतं, याचा तक्ता
- परमिट, जोखमीचं मूल्यमापन आणि कॅलिब्रेशन गॅसचं सर्टिफिकेट

साधनं:
- त्याच दिवशी बंप टेस्ट केलेला पोर्टेबल मल्टिगॅस डिटेक्टर
- त्या झोनसाठी प्रमाणित मल्टिमीटर आणि टॉर्च
- टॉर्क रेंच, फीलर गेज, योग्य मापाचे स्पॅनर
- कॅलिब्रेशन गॅस, रेग्युलेटर, कप आणि नळी
- ग्लँड आणि ब्लँकिंग प्लग, मोजून, वर एक-दोन जास्त
- लॉक आणि टॅग

मोबाइल आणि साधी स्मार्ट घड्याळं बाहेर. फोटो हवा असेल तर त्या झोनसाठी प्रमाणित कॅमेरा किंवा फोन लागेल.

नियम कुठे शोधायचे, तर निवड आणि बसवणीसाठी आयईसी ६००७९-१४, नंतरच्या तपासणीसाठी ६००७९-१७, आणि खास गॅस डिटेक्टरच्या निवडीसाठी व देखभालीसाठी ६००७९-२९-२. शेवटचं नवख्याने आधी वाचावं, कारण त्यात सेन्सरच्या मर्यादा नीट मांडल्या आहेत.

११. जागेवरचा क्रम

एवढी तयारी झाली की जागेवरचं काम आटोपशीर राहतं.

वीज पॅनलमधून बंद करा, लॉक लावा, चावी स्वतःकडे ठेवा आणि डिटेक्टरच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट मोजून खात्री करा. फ्लेमप्रूफ झाकण वीज असताना उघडायचं नाही, पोर्टेबल डिटेक्टर शून्य दाखवत असला तरी.

केबलची मेगर टेस्ट, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनची तपासणी, करायची असेल तर डिटेक्टर आणि बॅरियर दोन्ही बाजूंनी सोडवा, नाहीतर पाचशे व्होल्ट थेट इलेक्ट्रॉनिक्समध्ये जातात. मेगर स्वतः ठिणगी पाडू शकतो आणि केबलमध्ये चार्ज साठतो. ही टेस्ट गॅसमुक्त असल्याची खात्री आणि परमिट असतानाच करायची, आणि नंतर केबल डिस्चार्ज करायची.

फ्लँजच्या सांध्यासमोर भिंत, पाइप किंवा ब्रॅकेट किती जवळ आहे ते मोजा. आयआयसीसाठी ४० मिलिमीटर, आयआयबीसाठी ३०, आयआयएसाठी १० एवढं अंतर मोकळं हवं. केबलची स्क्रीन (तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकाच टोकाला अर्थ करा, बहुतेक पॅनलच्या बाजूला. झाकणाचे सगळे बोल्ट लावा आणि टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या. एक बोल्ट हरवला म्हणून तीनवर भागवायचं नाही.

प्लॅस्टिकचा डिस्प्ले कोरड्या फडक्याने घासू नका, स्थिर वीज साठते. ओलसर फडकं वापरा. सेन्सरच्या तोंडाशी असलेली धातूची सच्छिद्र चकती ज्वाळा अडवणारी असते. तिच्यावर रंगाचा एक थेंबही पडू देऊ नका.

१२. चालू करणं आणि सोपवणं

लॉक काढून वीज दिल्यावर वॉर्म-अप पूर्ण होऊ द्या. मग स्वच्छ हवेवर शून्य लावा. आजूबाजूला किंचितही गॅस असण्याची शंका असेल तर सिलिंडरमधली शुद्ध हवा द्या, नाहीतर तिथला गॅसच शून्य म्हणून लक्षात ठेवला जाईल. त्यानंतर स्पॅन, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस देऊन वाचन जुळवणं.

मग अलार्मची पूर्ण साखळी तपासा. डिटेक्टरवर गॅस दिला, पॅनलवर योग्य टॅग दिसला, हूटर वाजला, आणि जे बंद व्हायला हवं त्याला सिग्नल गेला. कंट्रोल रूममधल्या माणसाला वॉकी-टॉकीवर टॅग नंबर वाचून दाखवायला सांगा, तुम्ही सांगू नका. दोन डिटेक्टरांच्या केबल अदलाबदल झाल्याचं मला असंच एकदा सापडलं. अलार्म येत होता, पण शेजारच्या टॅगवर.

नोंदवहीत तारीख, गॅस आणि त्याचं प्रमाण, गॅस देण्याआधीचं आणि नंतरचं वाचन, प्रतिसादाला लागलेला वेळ आणि सेन्सरचा सीरियल नंबर लिहा. पुढच्या वेळी सेन्सर मंद झालाय का, हे याच आकड्यांवरून कळतं.

निघण्याआधी कंट्रोल रूममध्ये जा आणि इनहिबिट केलेल्या लूपची यादी स्क्रीनवर उघडायला सांगा. तुमचे सगळे टॅग त्यातून निघाले आहेत हे स्वतः बघा. मगच परमिटवर सही करा.